ट्रायल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी: डेव्हलपरांसाठी मुदतीच्या फुकट ऑफरींचं मार्गदर्शन

गोव्यातल्या वाळपईच्या एका काजू व्यापाऱ्याला मी खरेदीची नोंद ठेवणारं ॲप करून दिलं होतं. दुकानात विंडोजचा जुना संगणक, आणि सत्तरी तालुक्यातल्या गावांतून काजूबी गोळा करणाऱ्या त्यांच्या दोन माणसांकडे अँड्रॉइड फोन. दोन्हीकडे एकच ॲप चालायला हवं होतं, म्हणून क्रॉस-प्लॅटफॉर्म. पावती छापण्यासाठी मी एका कंपनीचा रिपोर्टिंगचा कंपोनंट (ॲपमध्ये बसवायचा तयार भाग) वापरला, तीस दिवसांच्या ट्रायलवर. हंगाम सुरू झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेठचा फोन आला, "हें कितें गो बाय?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो. बागायतदाराचं नाव, वजन, दर, रक्कम, सगळं जागच्या जागी. आणि त्या सगळ्यावरून तिरकं, करड्या जाड अक्षरांत इंग्रजीत छापलेलं: ट्रायल व्हर्जन. ज्याच्या हातात ती पावती पडली तो गृहस्थ शेठला विचारत होता, पैसेपण ट्रायलचेच देणार काय?

चूक माझीच होती. मुदत संपल्यावर छपाईवर शिक्का उमटेल हे त्या कंपनीने अटींमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. त्या रात्री फोंड्याला घरी बसून पावतीचा सगळा भाग एका ओपन सोर्स पीडीएफ लायब्ररीवर पुन्हा लिहिला. दोन दिवस पावत्या हाताने लिहिल्या गेल्या. तेव्हापासून कुठलीही फुकट ऑफर आली की मी आधी तिचा शेवटचा दिवस शोधते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काय उरणार ते बघते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नातून आल्या आहेत.

आधी ऑफरची जात ओळखा

'लिमिटेड टाइम फ्री' एवढ्या शब्दांआड निरनिराळे सौदे असतात. मुदत कशाला आहे, घेण्याला की वापरण्याला, हे पहिल्यांदा ठरवायचं.

वापरण्याला मुदत म्हणजे साधी ट्रायल. जेटब्रेन्सच्या इंटेलिजे, पायचार्म, रायडर यांसारख्या आयडीई, म्हणजे कोड लिहायची साधनं, ३० दिवस पूर्ण चालतात. ट्रायल संपली तरी तुमचा कोड साध्या टेक्स्ट फाइलींत असतो, तो कोणी हिरावून घेत नाही. म्हणून आयडीईच्या ट्रायलला मी घाबरत नाही. घाबरायचं ते तुमच्या ॲपच्या आत जाऊन बसणाऱ्या वस्तूंच्या ट्रायलला: रिपोर्ट, ग्रिड, चार्ट, बारकोड. आयडीई बंद पडली तर तुमचं काम अडतं, कंपोनंट बंद पडला तर गिऱ्हाइकाचं.

घेण्याला मुदत असते ती ऑफर वेगळी. ठरावीक तारखेपर्यंत उचललं की लायसन्स तुमच्याकडे राहतं, बहुधा त्याच एका आवृत्तीपुरतं. २०१६ मध्ये एम्बारकाडेरोने डेल्फी या आपल्या आयडीईची स्टार्टर आवृत्ती अशी काही काळ फुकट दिली होती. अशी ऑफर दिसली तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवायला हरकत नाही, कारण घड्याळ घेतल्यावर थांबतं.

तिसरी जात अटीवर फुकट असलेल्यांची. इथे तारीख नसते, पण तुमची परिस्थिती बदलली की फुकटपणा संपतो. २०१८ मध्ये आलेली डेल्फीची कम्युनिटी एडिशन घ्या: लायसन्स एक वर्षाचं, आणि वर्षाची कमाई ५,००० डॉलरच्या आत असेल तरच. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या डेव्हलपरला फुकट आहे, त्यावर केलेलं काम विकलं तरी. पण छोट्या संस्थेत ती जास्तीत जास्त पाच जणांना वापरता येते, आणि २५० हून अधिक संगणक किंवा दहा लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपनीला धंद्याच्या कामासाठी चालत नाही. ॲप वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं डॉकर डेस्कटॉप सगळ्यांनाच फुकट होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलले आणि २५० हून अधिक कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरवर उत्पन्न असलेल्या कंपन्यांना पैसे लागू झाले. ऑक्टोबर २०२४ पासून जेटब्रेन्सचं रायडर आणि वेबस्टॉर्म नॉन-कमर्शियल वापराला फुकट आहे. शिकायला, छंदाला घ्या. शेठच्या ॲपला नाही.

विद्यार्थ्यांसाठीच्या ऑफरींचं पुढे सांगते. क्लाउडचं क्रेडिट, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर खर्चायचे फुकट पैसे, ही आणखी एक तऱ्हा. गूगल क्लाउड नव्या खात्याला ३०० डॉलर देतं, ९० दिवसांसाठी. मायक्रोसॉफ्टचं अझूर २०० डॉलर, ३० दिवसांसाठी. इथे पैसे आणि दिवस यांपैकी जे आधी संपेल ते खरं.

पहिली पायरी: काय हवं आहे ते कागदावर लिहा

हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्ध्या ऑफरी इथेच गळून पडतात. क्रॉस-प्लॅटफॉर्म कामात मुळात विकत घ्यावं असं आता फार थोडं उरलं आहे. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, डॉटनेट माउई ही सगळी चौकट फुकट आणि ओपन सोर्स आहे. अँड्रॉइड स्टुडिओ फुकट, व्हीएस कोड फुकट. म्हणजे ऑफरी येतात त्या आजूबाजूच्या गोष्टींवर: सोयीची आयडीई, तयार कंपोनंट, बिल्ड (कोडापासून चालणारं ॲप) करून देणाऱ्या सेवा, डेटाबेस होस्टिंग, एआय सहायक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, फक्त मसाला पहिले तीस दिवस उधारीवर.

कागदावर मी दोन रकाने करते. डावीकडे ॲप कुठे चालायला हवं ते, उजवीकडे त्यासाठी आज काय अडलंय ते. शेठच्या कामात डावीकडे विंडोज आणि अँड्रॉइड, उजवीकडे फक्त छपाई. आयफोन नव्हताच. तरीही मी त्या वेळी मॅकवर बिल्ड करून देणाऱ्या एका सेवेची ट्रायल घेऊन बसले होते, कारण ऑफर होती! तीस दिवस गेले, मी एकदाही लॉगिन केलं नाही.

आयफोन खरोखर हवा असेल तर एक हिशेब आधीच मांडा, कारण तिथे कुठलीच ऑफर पुरेशी पडत नाही. आयओएसचं बिल्ड करायला एक्सकोड लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. ॲप स्टोअरवर जायला ॲपलची वर्गणी वर्षाला ९९ डॉलर. फुकटच्या ॲपल आयडीने स्वतःच्या फोनवर ॲप टाकता येतं, पण सात दिवसांनी ते उघडेनासं होतं. गूगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. मॅक नसेल आणि तुमचा कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडाच्या ऑनलाइन साठ्यात) ठेवायला हरकत नसेल, तर गिटहब ॲक्शन्स या बिल्डच्या सेवेवर मॅकची मशीनं फुकट वापरता येतात. खासगी रिपॉझिटरीत मात्र मॅकवरचे मिनिट लिनक्सच्या मानाने भराभर संपतात.

दुसरी पायरी: ऑफर खरी आहे का

मेलमधल्या दुव्यावर कधीच जायचं नाही. ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि ऑफर तिथे दिसते का बघा. कंपनीच्या स्वतःच्या पानावर नसेल तर ती नाही असं धरा. मान्यवर विक्रेत्यांकडे कधीकधी अशा ऑफरी असतात हे खरं. मग त्या विक्रेत्याचं नाव कंपनीच्या भागीदारांच्या यादीत आहे का ते पाहायचं.

उलटं पळणारं घड्याळ दिसलं की हात थांबवा. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की धावावं लागतं, पण पदेर उद्याही येतो. पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर ती मुदत नाही, ती नुसती घाई आहे.

डाउनलोड झाल्यावर फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या बोटाच्या ठशासारखी अक्षरांची ओळ) कंपनीच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल नावाची आज्ञा येते, तिला फाइलचं नाव आणि हॅशचा प्रकार द्यायचा. लिनक्स आणि मॅकवरही तयार आज्ञा असतात. पहिली आणि शेवटची चार-सहा अक्षरं डोळ्यांनी बघून समाधान मानू नका, दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवून पाहा. क्रॅक केलेल्या आयडीईबद्दल एवढंच: तिच्यातून तुम्ही जे बिल्ड कराल ते दुसऱ्याच्या संगणकावर जाणार आहे. ॲप तुमचंच आहे हे सिद्ध करणाऱ्या तुमच्या साइनिंग की त्याच मशीनवर असतात.

तिसरी पायरी: शेवटची वेळ आपल्या घड्याळात लिहा

ऑफर कुठल्या देशाच्या मध्यरात्री संपते ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने रात्री ११:५९ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९, हिवाळ्यात १:२९. यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. मध्य युरोपची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेतीन किंवा साडेचारला येते, ऋतूप्रमाणे. म्हणजे अमेरिकी ऑफरीला आपल्याला अर्धा दिवस जास्त मिळतो, युरोपच्या ऑफरीला उठून पाहीपर्यंत दार बंद.

तारखेचंही तसंच. ०६/०७ हे अमेरिकी पद्धतीने ७ जून, आपल्या पद्धतीने ६ जुलै. पानावर महिना शब्दांत दिलेला नसेल तर दोन्हींतली आधी येणारी तारीख खरी धरा. आणि कॅलेंडरमध्ये नोंद करताना शेवटच्या दिवसाची करूच नका. माझी नोंद पाच दिवस आधीची असते, आणि त्यात काय रद्द करायचं आणि कुठल्या पानावर जाऊन, हे लिहिलेलं असतं. पाच दिवस कारण आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल हे कोणीच सांगत नाही, आणि त्याच संध्याकाळी नेमकं रद्द करायचं असतं.

चौथी पायरी: लायसन्स वाचा, पण सगळं नको

चाळीस पानं कोणी वाचत नाही, मीही नाही. पान उघडायचं, शोधाची खिडकी उघडायची आणि ठरावीक शब्द शोधायचे.

पहिला शब्द 'कमर्शियल'. नॉन-कमर्शियल म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या प्रत्येक कंपनी आपापली करते. काहींच्या मते मित्राच्या हॉटेलाची वेबसाइट फुकट करून देणंही धंद्याचंच काम. तुम्हाला पैसे मिळतात की नाही एवढ्यावर जाऊ नका, ते ॲप वापरणाऱ्याला त्यातून पैसे मिळतात का तेही बघा.

दुसरा 'रेव्हेन्यू'. इथे मर्यादा तुमच्या कमाईला आहे की गिऱ्हाइकाच्या, ते शोधा. डेल्फी कम्युनिटीची ५,००० डॉलरची मर्यादा फ्रीलान्सरला एखाद-दुसऱ्या बऱ्या प्रोजेक्टमध्येच ओलांडता येते. ओलांडली की विकत घ्यावं लागतं, आणि तोवर तुमचा सगळा कोड त्यात अडकलेला असतो. डेल्फी शिकायचीच असेल तर शेजारी लाझारस आणि फ्री पास्कल उघडून ठेवा; तिथे कमाईची अट नाही, आणि बराचसा कोड थोड्या फरकाने चालतो.

तिसरा 'पर्पेच्युअल'. याचा अर्थ कायमचं, पण कायमचं काय ते पुढे वाचावं लागतं. बहुधा ती एक आवृत्ती. जेटब्रेन्सची सलग बारा महिन्यांची वर्गणी भरली की ती थांबवल्यावरही एक जुनी आवृत्ती वापरायचा हक्क राहतो. ट्रायलला किंवा विद्यार्थी लायसन्सला तो लागू होत नाही.

मग 'वॉटरमार्क', म्हणजे छपाईवरचा तो शिक्का, आणि 'रीडिस्ट्रिब्यूट', म्हणजे पुढे दुसऱ्याला देणं. 'वॉटरमार्क' मी कधी शोधला असता तर हा लेख लिहायचं कारणच पडलं नसतं. दुसरा कंपोनंटसाठी: ट्रायलच्या काळात बिल्ड केलेलं ॲप मुदत संपल्यावर दुसऱ्याच्या मशीनवर चालायची परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी नसते. ट्रायल म्हणजे पारखून बघणं, माल विकणं नाही.

'टेलिमेट्री' किंवा 'युसेज स्टॅटिस्टिक्स' (वापराची कंपनीकडे जाणारी माहिती) शोधलं की फुकटाची खरी किंमत कळते. जेटब्रेन्सच्या नॉन-कमर्शियल लायसन्समध्ये वापराची निनावी माहिती कंपनीकडे जाणं बंद करता येत नाही. मला ते चालतं. गिऱ्हाइकाने गुप्ततेच्या करारावर सही घेतली असेल तर त्यांना विचारा.

ओपन सोर्सलाही अटी असतात हे विसरू नका. ॲप बांधायची क्यूटी ही चौकट २००९ पासून एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सवर मिळते. म्हणजे बंद कोडचं ॲप करता येतं, पण क्यूटीचा भाग वापरणाऱ्याला बदलून बसवता यायला हवा. सगळं एका फाइलीत ठासून दिलं तर अडचण येते. फ्लटरची किंवा गेम करायच्या गोडोची लायसन्स याहून खूप सैल आहेत.

आणि अटी बदलतात. गेम करणाऱ्यांना आठवत असेल, सप्टेंबर २०२३ मध्ये गेम करायच्या युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. एवढा गदारोळ झाला की आधी सौम्य केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच केलं. पण मधल्या वर्षात कितीतरी जणांनी गोडो शिकून घेतलं. म्हणून ज्या दिवशी ऑफर घ्याल त्या दिवशीचं अटींचं पान पीडीएफ करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख घालून.

पाचवी पायरी: ई-मेल आणि कार्ड

ऑफरींसाठी एक वेगळा ई-मेल पत्ता काढा. पण फेकाऊ, दहा मिनिटांचा पत्ता नको. लायसन्स की त्याच पत्त्यावर येते आणि दोन वर्षांनी संगणक बदलला की तीच लागते.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक खाच आहे. फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात, ताळगावच्या विद्यापीठात किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात शिकत असाल तर गिटहबचं स्टुडंट डेव्हलपर पॅक आणि जेटब्रेन्सचं विद्यार्थी लायसन्स पहिल्यांदा घ्या. यापुढे ऑफरी शोधत फिरायची गरजच फारशी उरत नाही. कॉलेजचा ई-मेल नसेल तर ओळखपत्राने पडताळणी होते. अझूर फॉर स्टुडंट्स कार्ड न मागता १०० डॉलरचं क्रेडिट देतं. पण लायसन्स वर्षावर्षाने नवं करायचं असतं आणि कॉलेज सुटलं की ई-मेल बंद होतो. तर कोड, खाती, डोमेन यातलं काहीही फक्त त्या पत्त्यावर बांधून ठेवू नका. शेवटच्या सेमिस्टरआधी दुसरा पत्ता जोडून घ्या. शैक्षणिक लायसन्सवर बाहेरचं पैशाचं काम करता येत नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं. बारावीनंतरच्या सुट्टीत मामाच्या दुकानाचं बिलिंग करून देणारे आमच्याकडे घरटी एक आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कार्ड मागणाऱ्या ट्रायलकडे मी तिरक्या नजरेने बघते. भारतात एक चांगली गोष्ट अशी की १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना निदान २४ तास आधी यावी लागते, आणि ठरावीक मर्यादेवरच्या (आधी ५,०००, जून २०२२ पासून १५,००० रुपये) रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. म्हणजे १,५०० रुपयांची वर्गणी ओटीपीशिवाय जाऊ शकते, पण आदल्या दिवशी एसएमएस येतो. तो एसएमएस जाहिरातींच्या ढिगातून शोधून वाचा. बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅन्डेटची (आपोआप कापायला दिलेल्या परवानग्यांची) यादी असते, तिथूनही वर्गणी रद्द करता येते. माझं ट्रायलसाठीचं डेबिट कार्ड वेगळ्या खात्याचं आहे, त्यात लागेल तेवढेच पैसे, आणि परदेशी व्यवहार एरवी बंद.

किंमत डॉलरमध्ये दिसत असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरा. ऑफर संपल्यावर 'फक्त दहा डॉलर' म्हणतात ते आपल्या खात्यातून दहा डॉलरपेक्षा बरेच जास्त होऊन जातात.

आणि रद्द करायचं ते घेतल्याच दिवशी करून पाहा. बऱ्याच सेवांमध्ये रद्द केल्यावरही मुदतीपर्यंत वापरता येतं. लगेच बंद होणार असेल तर तसं पानावर लिहिलेलं असतं; मग कॅलेंडर आहेच.

सहावी पायरी: घरी आणून ठेवा

घेण्याला मुदत असलेल्या ऑफरीत हा भाग लोक हमखास विसरतात. की मिळाली, झालं, असं वाटतं. आठ महिन्यांनी इन्स्टॉल करायला जावं तर ती आवृत्ती कंपनीच्या साइटवर नसते. म्हणून त्याच दिवशी पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा. छोटी फाइल आली आणि ती चालवल्यावर बाकीचं इंटरनेटवरून येत असेल तर तो ऑनलाइन इन्स्टॉलर; त्याचा उद्या भरवसा नाही. सगळेच ऑफलाइन देत नाहीत. क्यूटीने २०२० मध्ये ऑफलाइन इन्स्टॉलर फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवला आणि तयार फाइलींसाठी खातं काढणं सक्तीचं केलं.

माझ्या हार्ड डिस्कवर प्रत्येक साधनाचं एक फोल्डर आहे: इन्स्टॉलर, हॅश, की असलेला मेल, अटींचं पीडीएफ, आणि वापरलेल्या एसडीकेच्या (बिल्डला लागणाऱ्या साधनसंचांच्या) आवृत्त्यांची एक साधी टेक्स्ट फाइल. मोठं डाउनलोड मी रात्री लावते. पर्रीकरांच्या काळातल्या सायबरएज योजनेतून घरी आलेल्या पहिल्या संगणकावर मी टर्बो सी शिकले. सीडी सांभाळून ठेवायची सवय तेव्हाची आहे, ती अजून उपयोगी पडते.

सातवी पायरी: घड्याळ कधी सुरू करायचं

ट्रायलचे दिवस डाउनलोड केल्यावर नाही, बहुधा चालू केल्यावर मोजले जातात. तेव्हा चालू करायची घाई करू नका. चवथीच्या आधीच्या आठवड्यात ट्रायल सुरू करणाऱ्याला मी हात जोडते. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांच्या आराशीचं) सामान, साफसफाई, पाहुणे, मग गणपती पाच दिवसांचे असोत की अकरा. तीस दिवसांतले पंधरा तिथेच संपतात. आणि उरलेल्यांत नव्याचे नऊ दिवस.

चालू करण्याआधी एक छोटा, खरा प्रोजेक्ट तयार हवा. माझा ठरलेला आहे: एक यादी, एक फॉर्म, स्थानिक डेटाबेस, एक छापील पावती, आणि मराठी मजकूर. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा. 'क्ष', 'श्री', 'र्‍या' ही जोडाक्षरं बऱ्याच पीडीएफ कंपोनंटना झेपत नाहीत. पडद्यावर सुंदर दिसतात आणि छापताना अक्षरं सुटी होऊन सांडतात. विकणाऱ्याच्या नमुन्यात हे कधीच दिसणार नाही. 'श्री. शिरोडकर, वाळपई, अक्षरी रुपये, व्यापाऱ्याची सही' एवढं छापून बघा, पहिल्याच दिवशी निकाल लागतो.

पहिल्याच दिवशी सगळ्या प्लॅटफॉर्मवर रिकामं ॲप बिल्ड करून त्या त्या मशीनवर चालवायचं. एमुलेटरवर (संगणकातल्या नकली फोनवर) नाही, शेठच्या माणसाकडे असतो तसला चार वर्षं वापरलेला, काच तडकलेला फोन घ्या. एकाच प्लॅटफॉर्मवर तीन आठवडे काम करून शेवटी दुसऱ्याचं बिल्ड करायला घेणाऱ्याची ट्रायल वाया गेलीच म्हणून समजा.

ॲप प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर दिवसांचा हिशेब अजून घट्ट होतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी बंद चाचणी घ्यावी लागते: १२ माणसं, सलग १४ दिवस. तीस दिवसांच्या ट्रायलमधले जवळजवळ अर्धे इथे जातात, तेव्हा ती माणसं आधीच गोळा करून ठेवा.

आठवी पायरी: बाहेर पडायचं दार

फुकट असलेली गोष्ट बंद पडू शकते, मोठ्या कंपनीची असली तरी. वेब ॲप चालवून देणाऱ्या हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ ला फुकट सेवा थांबवली आणि कॉलेजातल्या प्रोजेक्टांचे किती दुवे एका दिवसात मेले! क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲप करायचं झामारिन आधी विकत होतं, मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये घेतल्यावर फुकट केलं. १ मे २०२४ ला त्याचा आधार संपला. तिथे किंमत शून्य होती, पण माउईवर जायला लागलेले आठवडे कोणी परत देत नाही.

म्हणून कोड लिहितानाच उसनी वस्तू एका कोपऱ्यात ठेवायची. पावती छापणारा भाग माझ्या ॲपमध्ये आता एका वेगळ्या क्लासमागे आहे. बाकीच्या ॲपला एवढंच ठाऊक की 'पावती दे' म्हटलं की पीडीएफ येतं; आत कुठली लायब्ररी आहे हे त्या एका फाइलीशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. डेटा एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये, जो कुठल्याही प्लॅटफॉर्मवर उघडतो. क्लाउडचं क्रेडिट वापरायचं झालं तर डेटाबेसचा बॅकअप दर आठवड्याला माझ्याकडे उतरतो.

आणि एक तालीम. कोरं विंडोज टाकलेल्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या नकली संगणकावर) एकही ट्रायल, एकही की नसताना रिपॉझिटरीतून कोड ओढायचा, बिल्ड करायचं आणि ॲप चालवायचं. कुठे अडकतं ते लिहून ठेवायचं. प्रत्येक अडकण म्हणजे कोणाची तरी उधारी. पहिल्या वेळी माझ्या यादीत सहा गोष्टी निघाल्या, त्यांतली एक फॉन्ट होती, जी डिझाइनच्या एका ट्रायलसोबत आली होती आणि मला पत्ताच नव्हता.

यंदा ही तालीम मी फेब्रुवारीत केली, काजूबी पडायला लागण्याआधी. यादी कोरी राहिली. नमुन्याची पावती छापली, नाव, वजन, आणि दराच्या जागी शून्य, आणि फोटो शेठना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "आतां दर घाल."